मुलांना गाव देताना

माझी मुलगी सातवीत असताना शाळेनं वंशवृक्ष काढून आणायला सांगितला होता. तिनं कार्डशीट आणली, खोड तपकिरी रंगवलं, हिरवी पानं कापून चिकटवली आणि स्केचपेन घेऊन माझ्यासमोर बसली. माझे वडील, त्यांचे वडील, त्यांचेही वडील अशी नावं मी एका दमात सांगितली. चौथ्याला जरा अडखळलो, पण तेही आठवलं. मग ती म्हणाली, "आता बायका सांग. तुझ्या पणजीचं नाव काय?"

गावी काकांना फोन लावला. ते म्हणाले, "तिका आमी म्हातारी आये म्हणायचो." बरं, पण नाव? नावाशी कधी काम पडलं नव्हतं. काकांना कळायला लागलं तेव्हा घरात तिला नावानं हाक मारील असं मोठं माणूस उरलंच नव्हतं. शेवटी मुलीनं त्या पानावर नुसतं 'पणजी' लिहिलं. बाईंनी दहापैकी नऊ गुण दिले. कापलेला एक गुण माझा होता, हे मला तेव्हाच कळलं.

ते नाव दोन वर्षांनी सापडलं, कुडाळच्या तहसील कचेरीत, एका फेरफाराच्या नकलेत. पणजोबा वारल्यावर वारसांची नोंद झाली होती. मुलांच्या नावांखाली, शेवटच्या ओळीत तिचं नाव होतं आणि पुढं 'विधवा' असा शेरा. नाव इथं लिहीत नाही, ते घरातलं आहे. पण त्या दिवशी कचेरीबाहेर चहा घेताना पुढचं बरंचसं सुचलं. माझ्यासारखे जे आईबाप डोंबिवलीत, पुण्यात, बंगळुरात किंवा पार न्यू जर्सीत मुलं वाढवताहेत आणि 'मुलांना आपली मुळं कळली पाहिजेत' असं अधूनमधून म्हणतात, त्यांच्यासाठी ते लिहितो आहे.

आपण मुळं द्यायला निघतो आणि देतो अभिमान. आपलं घराणं, आपला गाव, आपली माती. मुलं मान डोलावतात आणि कानात इअरफोन घालतात. त्यांचं काही चुकत नाही. अभिमान फुकट मिळतो, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी येतो. नावं, पत्ते, कागद आणि करायला एखादं काम या गोष्टी मात्र कोणीतरी हातात ठेवाव्या लागतात.

आधी माणसं, मग कागद

कागद कचेरीत अजून दहा वर्षं राहतील. ऐंशी ओलांडलेली आत्या राहीलच असं नाही. म्हणून सुरुवात माणसांपासून करा, आणि प्रश्न मुलांना विचारू द्या. मुलाला जे सांगत नाहीत ते म्हातारी माणसं नातवंडांना सहज सांगून टाकतात.

एक चूक टाळा. खुर्चीत बसवून, समोर मोबाइल धरून 'आजी, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा' असं म्हणू नका. 'आमचं काय, गरिबीतच गेलं' या वाक्यावर मुलाखत संपते. माणूस हातानं काहीतरी करत असताना बोलतो. माझी आत्या वेंगुर्ल्याच्या बाजूला दिलेली. मे महिन्यात आम्ही तिच्याकडं गेलो तेव्हा ती खळ्यात रातांबे फोडत बसली होती. मुलीला म्हणाली, "बस, हात लाव." रातांबा फोडायचा, गर आणि बिया एका भांड्यात, सालं दुसऱ्यात. मग ती सालं त्याच रसात मीठ घालून भिजवायची आणि उन्हात वाळवायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा वाळवायची, तेव्हा कुठं सोलं होतात. अर्ध्या तासात मुलीची बोटं जांभळी झाली आणि आत्या बोटीवर येऊन पोचली.

ती पहिल्यांदा मुंबईला गेली ती वेंगुर्ल्याहून, बोटीनं. बोट किनाऱ्याला लागायची नाही, लांब खोल पाण्यात उभी राहायची. ट्रंका, फणस आणि रडणारी पोरं घेऊन पडावातून तिच्यापर्यंत जायचं आणि हलत्या पडावातून शिडी धरायची. आत्याची एक चप्पल तिथंच समुद्रात पडली. भाऊच्या धक्क्यावर ती अनवाणी उतरली आणि परळपर्यंत तशीच गेली. माझी मुलगी जन्मल्यापासून कोकण रेल्वेनं गावी जाते. १९९८ पूर्वी ही गाडी अखंड मार्गावर नव्हतीच, हे तिला पुस्तकातून कळलं असतं. त्या चपलेमुळं ते लक्षात राहिलं.

तेव्हा प्रश्न लहान आणि टणक ठेवा. मुंबईला पहिल्यांदा कशानं आलात? सोबत कोण होतं? गिरणीत बदलीवर होतात की कायम? पाळी कोणती? घरी मनिऑर्डर किती जायची आणि ती घेताना सही कोण करायचं? वडील परळला आमच्या गावकीच्या खोलीत राहायचे. भिंतीला ओळीनं ट्रंका आणि ज्याची पाळी सुटली त्यानं दुसऱ्याच्या उठलेल्या जागेवर पडायचं. खोलीत एकूण माणसं किती, हे त्यांना कधीच नीट सांगता आलं नाही, कारण सगळे एका वेळी तिथं कधी नसायचेच. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात तेही होते. त्या पावसाळ्यात ते गावी गेले आणि कित्येक वर्षांनी स्वतः तरवा काढला, लावणी केली. संध्याकाळी पाठ धरून बसले तर आजी म्हणाली होती, मुंबईत नुसतं उभं राहायचा पगार मिळत होता वाटतं. हे वडिलांनी नातीला हसत सांगितलं. मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं.

बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करत असाल तर फोन खिशात किंवा पाटावर पालथा ठेवा आणि विसरून जा. आधी विचारा मात्र, चोरून नको. घरी आल्यावर त्या ध्वनिमुद्रणाला तारीख, माणसाचं नाव आणि गाव असं नाव द्या, नाहीतर सहा महिन्यांनी 'रेकॉर्डिंग ०४७' म्हणजे कोण हे कोणालाही सांगता येत नाही. एक प्रत चुलत भावाकडं पाठवून ठेवा. मध्येच 'नाही हो, ते तसं नव्हतं' म्हणून दुरुस्त करू नका. काका एक सांगतात, आत्या दुसरं सांगते; दोन्ही ठेवा. जुन्या फोटोंच्या मागं नावं लिहून घ्या, पण पेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो.

कागद

आमचं गाव एकच, पण कागदोपत्री त्याचे तीन पत्ते आहेत. कुडाळ १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानात होतं, मग रत्नागिरी जिल्ह्यात आलं आणि १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा झाला. शोध घेण्याआधी आपल्या गावाची अशी कुंडली मांडून घ्या, म्हणजे चुकीच्या कचेरीत दिवस जात नाहीत. जालना त्याच दिवशी औरंगाबादपासून वेगळा झाला. लातूर आणि गडचिरोली १९८२ चे, नंदुरबार आणि वाशीम १९९८ चे, हिंगोली आणि गोंदिया १९९९ चे, पालघर २०१४ चा. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं तिथले जुने कागद उर्दूतही निघतात. आणि मोडी तर सगळीकडंच. मोडी वाचणारा माणूस शोधावा लागेल, किंवा स्वतः शिकावी लागेल. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही ती परंपरा आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. त्या निमित्तानं कित्येक घरांत पहिल्यांदाच पेट्या उघडल्या गेल्या. राजकारण काहीही असो, पेट्या उघडल्या ते बरं झालं.

सातबारा बहुतेकांना माहीत असतो, पण तो भांडणाचा कागद म्हणून. मुलांना तो वंशवृक्ष म्हणून दाखवा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा: सातवर मालकी आणि हक्क, बारावर पिकं. नावांजवळ जे आकडे असतात ते फेरफाराचे क्रमांक. प्रत्येक आकड्यामागं एक मरण, एक खरेदी किंवा एक भांडण आहे. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहाची, म्हणजे फेरफार नोंदवहीची नक्कल मागायची, त्यात आधीचा क्रमांक मिळतो, मग त्याची नक्कल. जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखं हे मागं मागं जाता येतं. आजचा सातबारा ऑनलाइन मिळतो. हातानं लिहिलेले जुने उतारे तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळवावे लागतात, आणि बऱ्याच ठिकाणचे आता स्कॅनही झाले आहेत. अभिलेख कक्षातल्या माणसाशी गोड बोला आणि दुपारच्या जेवणाआधी जा. हा सल्ला कुठल्याही शासन निर्णयात सापडणार नाही.

जमीन नसलेल्यांनी निराश होऊ नये. गाव नमुना चौदा, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत जनरल रजिस्टर असतं. त्यातल्या जन्मतारखांवर मात्र फार विसंबू नका. आमच्या घरात चार माणसं १ जूनला जन्मलेली आहेत. मूल शाळेत बसण्याच्या वयाचं दिसलं की मास्तर तीच तारीख घालायचे. माझ्या मुलीला हे कळल्यापासून ती दर १ जूनला आजोबांना आणि त्यांच्या तिन्ही 'जुळ्या' भावंडांना फोन करून शुभेच्छा देते.

नाशिकला, त्र्यंबकेश्वरला किंवा पंढरपूरला जाणं झालं तर आपल्या गावाचे तीर्थोपाध्ये कोण ते विचारा. गाव आणि आडनाव सांगितलं की ते लांबट वह्या काढतात आणि तुमच्या घरातून पूर्वी कोण येऊन गेलं ते वाचून दाखवतात. कधी खापरपणजोबांची सही असते, तिच्यावर मुलं बोट ठेवून बघतात. या नोंदीत पुरुषांची रांग असते. तुम्ही आपली नोंद कराल तेव्हा बायकोचं, आईचं, मुलीचं नाव सांगून लिहवून घ्या, आणि शक्य तिथं माहेरचंही. लग्नानंतर नाव बदलण्याच्या चालीमुळं एकाच बाईची दोन नावं असतात आणि दोन गावांत ती दोन वेगळ्या बायका म्हणून नोंदली जाते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं आईचं नाव लावायचं राज्य सरकारनं ठरवलं आहे. माझ्या खापरपणतूला तरी नऊ गुणांवर समाधान मानावं लागू नये. आजोळचा वंशवृक्षही याच कार्डशीटवर काढा. मुलाला मुळं दोन्हीकडून असतात, आणि आपल्याकडं तो अर्धा भाग 'मामाकडं जायचं' एवढ्यावरच संपतो.

जे घरात बोलत नाहीत

इथं जरा थांबायला हवं, कारण बहुतेक आईबाप इथं थांबत नाहीत.

आजोबा सांगायचे, आमची जमीन पिढीजात. त्याही मागं जायचं झालं तर आम्ही महाराजांच्या सैन्याबरोबर कोकणात उतरलो. महाराजांच्या सैन्यात किती माणसं असावीत याचा हिशेब महाराष्ट्रातल्या घरोघरच्या गोष्टींवरून केला तर आग्ऱ्याला जायची वेळच आली नसती. असो. आजोबांच्या ट्रंकेत तळाला एक प्रमाणपत्र निघालं, ३२ म चं. १९४८ च्या कूळकायद्यात पुढं दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. ३२ ग खाली किंमत ठरायची, ती हप्त्यानं भरायची, पूर्ण फिटली की ३२ म चं प्रमाणपत्र मिळायचं. आमच्या कागदावरची तारीख साठच्या दशकातली. म्हणजे पिढीजात होती ती जमीन कसण्याची मेहनत. जमीन दुसऱ्याची होती आणि आम्ही कूळ होतो.

वडिलांना हे ठाऊक होतं, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांना त्यात कमीपणा वाटायचा. मुलीला ही गोष्ट सैन्याच्या गोष्टीपेक्षा आवडली. कारण प्रमाणपत्राबरोबर सुतळीनं बांधलेल्या हप्त्यांच्या पावत्या होत्या आणि वडिलांनीच मग सांगितलं की ते पैसे परळहून मनिऑर्डरनं जायचे. परळच्या साच्यावरचा पगार कुडाळच्या मळ्यात असा रुजलेला तिनं पावत्यांवर बघितला.

दुसरी गोष्ट एवढी सुखाची नाही. त्याच मे महिन्यात, त्याच खळ्यात, रातांबे संपत आले तेव्हा मुलीनं आत्याला विचारलं, सातबाऱ्यावर तुमचं नाव का नाही? पोरीनं आदल्याच वर्षी फेरफार वाचायला शिकून घेतलं होतं, तिच्या डोळ्यातून ते सुटणार नव्हतं. आत्या म्हणाली, हक्क सोडला. सही केलीत? "सही खंयची? आंगठो लावलंय. माका साडी दिल्यानी."

कागदावर काय लिहिलं होतं ते कोणी वाचून दाखवलं होतं का, असं मुलीनं विचारलं. आत्यानं उत्तर दिलं नाही, भांडं उचलून आत गेली.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या पश्चात मुलीला वाटा दिला होता. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत तिला जन्मतः मुलाइतका हक्क दिला. आणि या दोन तारखांच्या मध्ये कुठंतरी, घरोघर, हक्कसोडपत्रं झाली. माहेर तुटू नये म्हणून बहिणींनी अंगठे लावले. आज त्या जमिनीवर वडिलांमागं जी नावं लागणार आहेत त्यात माझं आहे, आणि ते त्या अंगठ्यामुळं आहे. परतीच्या गाडीत मुलगी माझ्याशी चिपळूणपर्यंत बोलली नाही. मी भावकीत विषय काढला. एका चुलत भावानं फोन बंद केला, एकानं 'बघू' म्हटलं. विषय अजून मिटलेला नाही. पण मुलीपासून लपवलेला नाही, आणि आत्याच्या सुनेला आता आमच्याकडून कागदांच्या प्रती गेलेल्या आहेत.

गावाबद्दलही हेच. कोणती वाडी कुठं आहे हे मुलांना दाखवताना ती तिथंच का आहे हेही सांगा. कोणत्या विहिरीवर कोण पाणी भरायचं, पालखीला कोण खांदा द्यायचं आणि कोणाला लांबून हात जोडावे लागायचे, हे मूल कधी ना कधी विचारतंच. बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्यावरूनच शाळेत लागलेलं आडनाव आंबडवेकर. आणि त्याच कोकणात, महाडला, १९२७ साली तळ्यावर पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला. गावाच्या नावाचं आडनाव आणि गावाच्या पाण्याला बंदी, हे दोन्ही एकाच प्रदेशानं दिलेलं आहे. 'तेव्हा तसं होतं' एवढं म्हणून गाडी पुढं काढू नका. आपलं घर त्यात कुठल्या बाजूला होतं, एवढं तरी सांगा. माझंही हे सांगणं अजून अपुरं आहे, कबूल करतो.

गावी न्यायचं तर काम द्या

गणपतीला सगळेच नेतात. मूल पाच दिवस मोदक खातं, चुलत भावंडांबरोबर मोबाइलवर खेळतं आणि परत येतं. त्याच्यासाठी गाव म्हणजे सुट्टीचं ठिकाण, लोणावळ्यासारखं, फक्त लांब. पाहुण्यासारखं वागवलं की मूल पाहुणंच राहतं. त्याला एक काम द्या, दरवर्षी तेच, ते त्यानं केलं नाही तर अडेल असं.

आमच्याकडं गणपतीच्या डोक्यावर लाकडाची माटवी टांगतात. तिला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारी, काकडी, चिबूड आणि रानातली फळं बांधायची. त्यातलं कवंडळ हे फळ बाजारात शोभेचं म्हणून मिळू लागलंय, पण आमच्या घरी ते रानातूनच आणतात. वेल मोठ्या झाडावर चढलेली असते, श्रावण सरता सरता फळं लालकेशरी होतात, दिसायला देखणी, तोंडात घालायची नाहीत. आठवीच्या वर्षी काकांच्या नातवाबरोबर मी मुलीला कवंडळं आणायला पाठवलं. दोघं तीन तासांनी आली. तांबड्या मुंग्या चावून तिचे हात सुजले होते, चप्पल व्हाळातून वाहून गेली होती (आमच्या घरातल्या बायकांच्या चपला पाण्याला जायच्याच), आणि पिशवीत पाच कवंडळं होती. तिनं ती स्वतः सुंभानं माटवीला बांधली. बायको माझ्यावर चिडली. ते योग्यच होतं, मुंग्यांचं मी आधी सांगायला हवं होतं. पण त्यानंतर कवंडळं हे तिचं खातं झालं. वेल कुठं आहेत याच्या तीन जागा तिला माहीत आहेत, त्यातली एक ती मला सांगत नाही.

तुमच्याकडं माटवी नसेल. मग बैलपोळ्याला शिंगं रंगवणं असेल, वारीत दिंडीच्या मुक्कामाला पाणी वाटणं असेल, यात्रेत नारळ फोडायच्या जागेवर करवंट्या गोळा करणं असेल. जमलं तर एकदा सणाशिवाय न्या, जुलैत, लावणीला. चिखलात दोन ओळी लावून मूल मेरेवर येऊन बसेल. बसू द्या. फोटो कमी काढा.

गाऱ्हाण्याला मुलांना पुढं उभं करा. घरातला मोठा माणूस देवाला घरातल्या, भावकीतल्या आणि मुंबईला गेलेल्या सगळ्यांची काळजी घ्यायला सांगतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मुलीनं एकदा विचारलं, यात माझं नाव कुठं आलं? काका म्हणाले, "चाकरमान्यांची पोरां म्हटलंय मां, त्यात तू इलंस."

बोलीचं मी स्वतः बिघडवलं. कॉलेजात मालवणी निसटू नये म्हणून जपायचो. १९८० साली 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आलं होतं, मच्छिंद्र कांबळींच्या मालवणीला सारी मुंबई हसून दाद देत होती, आणि तरी वर्गात मला तीच भाषा लपवावी वाटायची. मुलीशी घरात पुस्तकी बोललो. पहिल्यांदा गावात एका म्हातारीनं तिला "कोणाचा गो चेडू तू?" असं विचारलं तर तिला वाटलं, आपल्याला रागावताहेत. सगळी बोली शिकवणं आता मला जमणार नाही. या एका प्रश्नाचं उत्तर मात्र मी पाठ करून दिलंय. तिथं स्वतःचं नाव सांगून भागत नाही. आजोबांचं नाव, वाडी आणि घराची खूण सांगायची: तळ्याकडचं, फणसाखालचं. एवढं ऐकलं की म्हातारी पुढचं सगळं आपणहून सांगते, कधी कधी आपल्यालाच नको असलेलंही.

खाण्यापिण्याबद्दल लिहीत नाही. सगळे लेख तिथूनच सुरू होतात आणि तिथंच राहतात.

ज्यांना गाव नाही

'आमचं गावच उरलं नाही' असं म्हणणारे पुष्कळ आहेत. कोयनेच्या शिवसागरात गावं गेली, त्यांची घरं आता दुसऱ्या तालुक्यांत, दुसऱ्या जिल्ह्यांत आहेत. काहींचं गाव म्हणजे लालबागची चाळच, आणि तिच्या जागी आता टॉवर. मग त्या चाळीचं करा: कोणता मजला, कोणती खोली, नळाला पाणी किती वाजता, शेजारी कोण. हाही पत्ताच आहे.

बेने इस्रायली लोकांचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेले हे ज्यू. १९४८ नंतर मोठ्या संख्येनं इस्रायलला गेले. पेणकर, रोहेकर, किहिमकर, नवगावकर ही त्यांची आडनावं. तिकडं जन्मलेल्या पोराला पेण कुठं आहे ते ठाऊक नसेल, पण त्याच्या नावात पेण आहे. तुमच्या आडनावाच्या शेवटी 'कर' असेल तर मुलाला घेऊन नकाशा उघडा आणि ते गाव शोधा. दोन-तीन सापडली तर आपलं कोणतं, हे शोधायचं काम त्याच्यावर सोपवा. नातेवाईकांना फोन करायला त्याला कारण मिळेल, आणि आत्याला, काकांना नातवंडाचा फोन.

माझी मुलगी यंदा शिकायला बाहेरगावी गेली. हॉस्टेलला सोडताना मला काहीतरी भारदस्त बोलायचं होतं, गाडीत तयारीही केली होती. तिथं पोचल्यावर गादी, बादली, कुलूप यातच दुपार गेली. तिच्या बॅगेत मी एक वही ठेवली होती. पहिल्या पानावर वंशवृक्ष, पणजीच्या नावासकट. पुढं गावातल्या सगळ्यांचे फोन नंबर, त्यात आत्याच्या सुनेचाही. तिनं ती उघडली की नाही, मला माहीत नव्हतं.

गणपतीच्या आधी आठ दिवस काकांचा फोन आला. मुलीची परीक्षा आहे, तिला येता येणार नाही, हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं. तिनं थेट त्यांनाच फोन केला होता आणि विचारलं होतं, यंदा कवंडळं कोण आणणार? मग काकांच्या नातवाला फोनवर घेऊन तिनं त्याला तिसरी जागा सांगितली. मला अजून सांगितलेली नाही.